चिऊचं नाक चोंदलंय आणि रात्र सरत नाही

पत्र: "सिस्टर, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यात वस्तीवर राहतो. माझी मुलगी चिऊ साडेचार महिन्यांची आहे. पाच दिवस झाले, तिचं नाक चोंदलंय. पाजायला घेतलं की दोन घोट ओढते, तोंड सोडते आणि रडते. रात्री तर खाली ठेवूच देत नाही. छातीत घरघर वाजते, पाठीवर हात ठेवला तर हाताला लागते. ताप नाही, खोकला थोडा आहे. सासूबाई म्हणतात धुरी दे, वेखंड मधात उगाळून चाटव, नाकात कोमट तेल सोड. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवाच्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आणून दिलीय. हे चाकणला कंपनीत असतात, शनिवारी येऊन गेले तेव्हा त्यांना सर्दी होती. पण घरात सगळे म्हणतात, मी दही खाल्लं म्हणून बाळाला बाधलं. आता मलाही शिंका येतायत, घसा बसलाय. अंगावर पाजू की नको? आणि तिला रात्री जरा बरं वाटावं म्हणून मी नक्की काय करू? रोज रात्री तिच्याबरोबर मीही रडते. चिऊची आई."

प्रिय चिऊच्या आई,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो आणि सगळ्यात आधी मी तुला चिऊचा श्वास मोजायला लावला. एका मिनिटात अडतीस भरले. दूध थोडं थोडं जातंय, दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होतायत, मध्येच हसतेय, हे तू सांगितलंस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण थंडी सुरू झाली की अशी पत्रं एकामागून एक येतात, आणि प्रत्येक पत्रातली आई पाच-पाच रात्रींची जागलेली असते.

आधी ते दही मनातून काढून टाक. सर्दी विषाणूंमुळे होते. ती माणसाकडून माणसाकडे जाते, शिंकेतून, खोकल्यातून आणि हातातूनही. नाक पुसलेला हात बाळाच्या मुठीला लागतो आणि मूठ तोंडात जाते. तुझ्या पोटातलं दही दुधात उतरून बाळाला सर्दी करत नाही. केळं करत नाही, तू केस धुतलेस त्यानंही होत नाही. चिऊला ती बहुतेक तिच्या बाबांकडून मिळाली असेल. पण त्यांनाही बोल लावू नकोस. आठवडाभर लेकीला न पाहिलेला बाप घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिला उचलणारच. पुढच्या वेळी हातपाय धुऊन, कपडे बदलून उचला आणि सर्दी असेल तर तोंडाचा पापा घेऊ नका, एवढं त्यांना फोनवर आजच सांग.

आता चिऊला नेमका त्रास कशाचा होतोय ते बघ. पहिले काही महिने बाळं जवळजवळ नाकानंच श्वास घेतात. म्हणून तर त्यांना दूध ओढता ओढता श्वास घेता येतो. आपलं नाक बंद झालं की आपण न कळत तोंड उघडतो, बाळाला ते अजून सहज जमत नाही. त्यातून नाकाची वाट काही मिलिमीटरची, जरा शेंबूड सुकला की बंद. तोंडात दूध आणि नाक बंद, मग श्वास घ्यायचा कुठून? म्हणून ती दोन घोट ओढते, गुदमरते, सोडते आणि रडते. रडली की नाक आणखी भरतं. तिला भूक आहे, दूध हवंय, तूही हवी आहेस, फक्त नाकाची वाट मोकळी नाही. ती मोकळी ठेवणं, पोटात थोडं थोडं दूध जात राहणं आणि तिला जवळ घेऊन बसणं, हीच तिची शुश्रूषा. सर्दीचा विषाणू मारणारं औषध नाही. ती आपल्या मुदतीनं जाते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर असतो, मग उतार पडतो, आणि नाक पुरतं कोरडं व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे सर्वात वाईट रात्री तू बहुतेक काढल्या आहेस.

नाक मोकळं करायला औषधाच्या दुकानातून सलाइनचे थेंब आण. खोक्यावर नीट वाच. सोडिअम क्लोराइड ०.६५ टक्के, एवढंच लिहिलेलं हवं. 'नाक चोंदलंय' म्हटलं की दुकानदार कधी कधी झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काढून देतो. ते मोठ्यांचं नाक पटकन उघडतात, पण इतक्या लहान बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक थेंबही घालायचा नाही. घरी मीठ-पाणी कालवत बसू नकोस. चिमूट जास्त पडली तर नाकात झोंबतं, आणि पाण्याच्या शुद्धतेचाही प्रश्न येतो.

थेंब घालण्याची एक रीत आहे, ती सांगते. बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धर. निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तशा गारठ्यात थंडगार थेंब नाकात पडला की बाळ दचकतं, आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच मान फिरवतं. मांडीवर चिऊला उताणी घे, डोकं तुझ्या गुडघ्याकडे. खांद्याखाली हातरुमालाची घडी ठेव म्हणजे नाकपुड्या किंचित वर होतील. एका हाताच्या पंजात तिचं डोकं धर, दाबून नव्हे, आधार दिल्यासारखं. प्रत्येक नाकपुडीत एक किंवा दोन थेंब, बाटलीचं टोक नाकाला न लावता. ती शिंकेल, तोंड वाकडं करेल, रडेलही. लगेच उचलून खांद्यावर घे आणि मिनिटभर फिरव. तेवढ्यात सुकलेला शेंबूड भिजून सैल होतो. थोडा घशात जातो, थोडा नाकाशी येतो, तो मऊ सुती कापडाच्या टोकानं बाहेरच्या बाहेर टिपून घे. नाकात काडी, इअरबड, बोट काही घालायचं नाही. अनेकदा एवढ्यावरच वाट मोकळी होते.

नाही झाली तर रबरी फुगा असलेला शोषक वापर. तो आधी दाबायचा, दाबलेलाच नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचा आणि मग हलकेच सोडायचा. पुष्कळजणी तो नाकात घालून मग दाबतात, त्यानं हवा उलटी आत जाते. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, नाहीतर आतलं अस्तर सुजतं आणि नाक अजूनच बंद होतं. फुगा दर वेळी गरम पाण्यानं आतून धुऊन वाळव. मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांना हात जोडून सांग, नाकात फुंकर मारायची नाही आणि तोंडानं ओढायचं नाही. मोठ्या माणसाच्या तोंडातले जंतू थेट बाळाच्या घशात जातात.

हे सगळं पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी कर. पाजून झाल्यावर केलंस तर आत गेलेलं सगळं दूध बाहेर येईल.

पाजताना तिला आडवी घेऊ नकोस. भिंतीला पाठ टेकून थोडी मागे रेलून बस आणि चिऊला तुझ्या एका मांडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसव, घोड्यावर बसवतात तसं, तोंड तुझ्याकडे. पाठीला आणि मानेला तुझा हात. अशा उभट बैठकीत नाक कमी दाटतं, आणि ती थकली की स्वतःच तोंड सोडून दम घेऊ शकते. सोडलं तर लगेच परत लावायची घाई करू नकोस. श्वास घेऊ दे, दोन मिनिटं खांद्यावर घे, पुन्हा लाव. एरवी तीन तासांनी पाजत असशील तर आता दीड-दोन तासांनी, थोडं थोडं. ओढायला अगदीच जमत नसेल तर दूध स्वच्छ वाटीत पिळून काढ आणि बोंडल्यानं किंवा छोट्या चमच्यानं, तिला बसती धरून, सावकाश पाज. साडेचार महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी नको, कोमटही नको, काढा तर मुळीच नको. दुधात पाणी आहे.

एखादवेळी पाजल्यावर ती दुधासोबत चिकट तारा ओकेल. शीही दोन दिवस बुळबुळीत होईल. बाळाला शेंबूड बाहेर टाकता येत नाही, ती तो गिळते, आणि पोट तो असा काढून टाकतं. घाबरू नकोस.

आता घरघर. तुझ्या सासूबाईंना वाटतंय की छाती भरली, आणि त्यांना तसं वाटणं साहजिक आहे, कारण हाताला खरंच लागतं. पण बाळाची छाती एवढीशी, नाकात आणि घशात वाजलेलं सगळं पाठीत ऐकू येतं. सलाइन घालून नाक मोकळं केल्यावर पुन्हा हात ठेव. घरघर बरीच कमी झाली तर ती नाकाचीच होती. आणि नक्की काय ते ठरवायला आवाजापेक्षा श्वासाची गती जास्त कामाची.

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना किंवा झोपेत. रडताना, दूध पिताना मोजलेला खरा नसतो. झबलं वर कर, पोटाकडे बघ, पोट वर आलं की एक. मोबाइलवर पूर्ण साठ सेकंद लाव. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नकोस, कारण बाळांचा श्वास मध्येच भरभर चालतो, मध्येच थांबल्यासारखा होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, हे जलद श्वास. पन्नास भरले तर थोडं थांबून पुन्हा मोज, आणि पुन्हा तेवढेच भरले तर डॉक्टरकडे निघायचं, ताप असो वा नसो.

हे मोजणं डॉक्टरांचं काम, आपल्याला कसं जमेल, असं मनात आणू नकोस. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या माणसांना आणि सुईणींना बाळांचा न्यूमोनिया असाच ओळखायला शिकवलं. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ लावलेलं साधं उपकरण त्यांनी बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्यांनी शाळा पाहिली नव्हती त्या बायकांनी मोजून आजारी बाळं ओळखली, वेळेत उपचार मिळाले, आणि न्यूमोनियानं होणारे मृत्यू कमी झाले. तुझ्या हातात तर मोबाइल आहे. सकाळ-संध्याकाळ मोज आणि आकडा वेळ टाकून कागदावर लिहून ठेव. दवाखान्यात जायची वेळ आलीच तर तो कागद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो.

आकड्याशिवाय आणखी काही गोष्टी पाहायच्या. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जाऊन खड्डा पडतो का? नाकपुड्या फेंदारतात का? प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो का? ओठ, जीभ निळसर दिसतात का? दूध अगदी ओढेनाशी झाली का, नेहमीच्या निम्म्यापेक्षाही कमी घेते का? सहा-आठ तासांत शू झाली नाही का? निपचित पडते, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, झटका येतो, किंवा खोकल्याची उबळ लागून श्वास अडकतो आणि चेहरा काळानिळा पडतो का? यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तापासाठी घरात साधा डिजिटल थर्मामीटर ठेव आणि काखेत लाव. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर चिऊच्या वयाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप आला तर एक तासही थांबायचं नाही, हे ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

ती अर्धी बाटली काकूंना परत कर, किंवा सरळ टाकून दे. या बाबतीत मी कुणाचंही मन राखणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून जास्त लहान मुलं खोकल्याच्या सिरपनं गेली. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं, मुलांची मूत्रपिंडं बंद पडली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेलं औषध होतं ते. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या जोडीच्या औषधांवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला औषध नियंत्रकांनी सांगितलं होतं. बाटलीतलं औषध अगदी शुद्ध असलं तरी ते इतक्या लहान बाळाची सर्दी बरी करत नाही. ते गुंगी आणतं, छातीची धडधड वाढवतं, आणि गुंगीतलं बाळ दूध कमी पितं. अँटिबायोटिकचंही तेच, विषाणूवर ते चालत नाही. नाकातलं पाणी पिवळं-हिरवं झालं म्हणजे अँटिबायोटिक हवं, असंही नाही. सर्दी उतरतानाही रंग तसा होतो.

सासूबाईंचे उपाय एकेक करून बघू. त्या चिऊच्या वाईटावर नाहीत, त्यांनी आपली मुलं याच उपायांत वाढवली, हे विसरू नकोस.

धुरीबद्दल मी ऐकीव सांगत नाही. माझी थोरली लेक तीन महिन्यांची होती तेव्हा मी नर्स म्हणून नोकरीला लागलेली होते, तरीही एका रात्री तिचं रडणं ऐकवेना म्हणून आईनं शेगडीत निखारे घालून ओवा, धूप, लसणाच्या साली टाकल्या आणि मी तिला अडवलं नाही. खिडकी बंद, खोलीभर धूर. लेक खोकून खोकून लाल झाली, डोळ्यांतून पाणी, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. मी तिला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर आणलं, पदराखाली धरून बसले. पाच-दहा मिनिटांत ती माझ्या खांद्यावर शांत झाली. आत शेगडी जळतच होती. त्या रात्रीनंतर आमच्या घरात बाळाला धुरी झाली नाही. धूर कशाचाही असो, ओव्याचा, उदबत्तीचा, मच्छर अगरबत्तीचा, चुलीचा किंवा विडीचा, आधीच सुजलेल्या नाकाला आणि छातीला तो त्रासच देतो. आणि गारठा म्हणून बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून कधीच झोपू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही आणि जीव जातो.

मध एक वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यात असणाऱ्या काही जंतूंच्या बीजांपासून तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. वेखंड, जायफळ उगाळून चाटवणंही बंद. वेखंडानं ओकारी होते, जायफळानं गुंगी येते, आणि 'गुटी दिली, बाळ छान झोपलं' असं जे म्हणतात ती झोप बरी नव्हे. तेल नाकात सोडलं तर ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं, आणि तेलाचा न्यूमोनिया लवकर हटत नाही. कापूर किंवा कापराचा बाम दोन वर्षांपर्यंत छातीला, नाकाला, तळपायाला कुठेही लावायचा नाही. पाळण्याला कापराची पुडी बांधायची नाही. कापूर पोटात गेला तर झटके येतात. गरम पाण्याच्या पातेल्यावर बाळाला धरून वाफ देऊ नका. भाजलेली बाळं मी वॉर्डात सांभाळली आहेत, आणि पोटाला बिब्ब्याचे, सळईचे डाग दिलेलीही. ती बाळं अंगाला हात लागला तरी किंचाळायची.

ओव्याची पुरचुंडी सासूबाईंना बांधायचीच असेल तर खिडकीच्या गजाला बांधू दे, बाळापासून हातभर लांब. त्यानं सर्दी जाईल असं मी म्हणणार नाही, पण तेवढ्यानं बिघडतही नाही. तव्यावर तापवून छातीला शेकायची मात्र नाही, आणि पाळण्यात ठेवायची नाही. हात धुऊन, तळपायांना आणि पाठीला कोमट तेल हलक्या हातानं चोळायला त्यांना सांग. त्यात काही वाईट नाही, उलट चिऊला ते आवडेल. आणि त्यांच्याकडे आणखी एक मोठं काम दे. रात्री अकरा ते दोन चिऊ त्यांच्या खांद्यावर. तू तेवढा वेळ झोप. आजीच्या खांद्यावर उभी धरलेली बाळं किती लवकर निवतात हे मी रात्रपाळीत रोज पाहत आले. नाक चोंदलेल्या बाळाला उभं धरलं की बरं वाटतं, म्हणून तर ती तुला खाली ठेवू देत नाही. त्याला खोड समजू नकोस, तिला वाईट सवय लागेल अशी भीतीही बाळगू नकोस.

झोपली की मात्र तिला सपाट, उताणं ठेव. डोक्याखाली उशी, गादीला चढ, अंगाभोवती लोड, काही नको. मान पुढे वाकली तर आधीच अरुंद वाट आणखी दबते. झोळीत ठेवत असाल तर सर्दी आहे तोवर अंथरुणावर घ्या, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकते. तू स्वतः पेंगत असशील तर तिला छातीवर घेऊन खुर्चीत किंवा खाटेवर बसू नकोस, आजीकडे दे. दोन स्वेटर, कुंची, वर गोधडी असं गुंडाळलेलं बाळ गरमीनंच किरकिर करतं. तुला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक जास्त, एवढंच. मानेच्या मागे बोट घालून बघ, घाम असेल तर एक कपडा काढ. टोपरं तोंडावर सरकत नाही ना ते पाहा. हात-पाय थोडे गार लागले तर चालतं.

लसींचं कार्ड काढून बघ. न्यूमोकॉकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी असते, आणि पेंटाव्हॅलंट दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची. साडेतीन महिन्यांचं काही राहिलं असेल तर साध्या सर्दीसाठी ते पुढे ढकलू नकोस, आशाताईंना विचारून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी घेऊन जा.

शेवटी तुझा अंगावर पाजण्याचा प्रश्न. पाज, अगदी निर्धास्त पाज. तुला ज्या सर्दीनं धरलंय त्याविरुद्ध तुझं शरीर जे तयार करतंय, ते दुधातून चिऊला मिळतंय. तुला शिंका यायच्या आधीच ती सर्दी तिला झालेली आहे, त्यामुळे आता दूध तोडून काही वाचत नाही, तिचं पोट तेवढं रिकामं राहतं. पाजण्याआधी साबणानं हात धू, तोंडावर स्वच्छ रुमाल किंवा मास्क बांध, शिंक आली तर तोंड फिरव. तू गरम गरम भात-वरण खा, पाणी भरपूर पी, आणि दही हवंसं वाटलं तर तेही खा. तुला ताप आला किंवा दुखायला लागलं तर स्वतःसाठी गोळी घेण्याआधी 'मी बाळाला पाजते' हे डॉक्टरांना सांग.

घसा बसलाय म्हणून अंगाई म्हणता येत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. नुसतं गुणगुण. नाक मोकळं करून, पाजून, ढेकर काढून झाली की तिचा कान तुझ्या छातीला लागेल अशी उभी धर, मास्क तसाच राहू दे, आणि अंधारात सावकाश येरझारा घाल. शनिवारी तिचा आकडा मला कळव.